माउस एका क्लिकचे दोन करतो: दर पावसाळ्यात परत येणारा बिघाड घरच्या घरी कसा काढायचा

फाइल निवडायला एकदा क्लिक करावं, तर ती उघडूनच बसते. ब्राउझरची एक टॅब बंद करायला जावं, तर शेजारचीही जाते. एक्सेलमध्ये दहा ओळी धरून खाली ओढायच्या म्हटलं की मध्येच पकड सुटते. कोल्हापुरात झड लागली, भिंतींना ओल धरली, की आमच्या गल्लीत ही तक्रार घेऊन कोणी ना कोणी येतंच. "काका, उन्हाळ्यात चांगला चालत हुता, परत तसंच कराय लागलाय बघा."

बहुतेक जण फुंकर मारतात, तळहातावर दोनदा आपटतात, आणि माउस चार दिवस नीट चालतो. मग एक दिवस वैतागून राजारामपुरीत जाऊन नवा आणतात. पण टाकून दिलेल्या त्या माउसमधला सेन्सर, भिंग, वायर, सर्किट, सगळं ठणठणीत असतं. झिजलेला असतो तो फक्त डाव्या बटणाखालचा मायक्रोस्विच, साधारण १३ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद. पंपाचा झिजलेला शाफ्ट भरून, लेथवर परत टर्न करून देणारे कारागीर आपल्याच उद्यमनगरात बसलेत. तेवढ्याशा स्विचपायी अख्खा माउस कचऱ्यात जावा, हे मला खरंच पटत नाही.

आधी दोष स्विचचाच आहे ना, ते बघा

यासाठी काही उघडावं लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावर 'प्रायमरी माउस बटन' लेफ्टचं राइट करा. आता उजवं बटण मुख्य झालं. त्याने पाच-दहा मिनिटं फाइली निवडा, मजकूर धरून ओढा. तक्रार गेली तर डाव्या बटणाचा स्विच झिजलाय, शंकाच नको. उजव्या बटणानेही तोच प्रकार होत असेल, तर माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे तो नीट वागला तर दोष सेटिंगचा आहे. फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये एका क्लिकला फाइल उघडायची सोय असते, ती कोणीतरी चुकून चालू केलेली असते. घरात लहान मुलं असतील तर हे सर्रास घडतं.

वायरलेस माउस अडखळत असेल, बाण तुटक तुटक पळत असेल, तर ती वेगळी तक्रार आहे. आधी सेल बदला. मग रिसीव्हर निळ्या यूएसबी ३.० पोर्टमधून काढून दूरच्या साध्या पोर्टला लावा. त्या वेगवान पोर्टचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि माउसचा सिग्नल दाबतो. कॅबिनेटच्या मागे लोखंडाच्या आडोशाला लावलेला रिसीव्हर एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणला, तरी पुष्कळ वेळा काम होतं.

आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बिल शोधा. चांगल्या माउसला एक ते तीन वर्षांची वॉरंटी असते. ती शिल्लक असेल तर उघडू नका, सरळ बदलून घ्या.

नेमकं काय झिजतं

मायक्रोस्विचच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी असते. तिच्यातच कापून वाकवलेली एक जीभ असते, ती पट्टीला ताण देते. बटण दाबलं की पट्टी टक्कन खाली उडी मारते आणि तिच्या टोकाचा ठिपका खालच्या ठिपक्यावर आपटतो. आपण ऐकतो तो 'टिक्' आवाज तोच. आपटल्यावर ठिपका क्षणभर थरथरतो, म्हणजे काही मिलिसेकंदांत जोड अनेकदा लागतो आणि तुटतो. माउसमधल्या चिपला हे ठाऊक असतं. पहिला स्पर्श झाला की ती काही मिलिसेकंद डोळे मिटून घेते आणि नंतरची थरथर मोजत नाही. पट्टीचा ताण सैल पडला किंवा ठिपक्यावर थर चढला, की थरथर त्या मुदतीपेक्षा लांबते. मग एका क्लिकचे दोन मोजले जातात.

आता पावसाळ्याचं. साध्या स्विचमधले ठिपके चांदीच्या मिश्रधातूचे असतात. हवेतलं गंधक आणि ओल मिळून चांदीवर काळा थर धरतो. कपाटातले हुपरीचे पैंजण काळे पडतात ना, नेमकं तेच तिथे मोहरीपेक्षा लहान जागेत होतं. जिथे जास्त करंट वाहतो तिथे असा थर आपोआप जळून जातो. माउसच्या स्विचमधून मात्र अगदी नगण्य करंट जातो, त्यात थर जाळायची ताकदच नसते. म्हणून आपटल्यावर ठिपका जरा सरकतो, स्वच्छ जागी टेकतो, चार दिवस बरे जातात. थर तिथेच असतो आणि ताणही सैलच असतो. खोक्यावर २ कोटी किंवा ५ कोटी क्लिक लिहिलेले असतात, ते प्रामुख्याने यांत्रिक आयुष्य असतं. आपल्याकडच्या दमट घरात ठिपका त्याच्या कितीतरी आधी दगा देतो.

बाहेरून फवारायच्या स्प्रेंबद्दलही इथेच सांगतो. गंजलेला नट सोडवायचा स्प्रे माउसमध्ये मारू नका. तो तेलाचा पापुद्रा मागे ठेवतो, त्यावर धूळ बसते, आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट अवस्था होते. कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा वेगळा, उडून जाणारा स्प्रे मिळतो, तो चालतो. हातांचा सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दुकानात नुसतं 'आयपीए' म्हटलं तरी कळतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा लॅबच्या रसायनांच्या दुकानात मिळतं. बाटलीवर ९९ टक्के लिहिलेलं बघून घ्या.

उघडताना

वायर काढा, सेल काढा. आत चार्जिंगची बॅटरी असेल तर माउस उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा प्लग सोडवा. स्क्रू तळाच्या सरकत्या पट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली लपवलेले असतात. हेअर ड्रायरने जरा ऊब दिली की पट्टीचा गोंद सैल होतो आणि ती न दुमडता निघते. निघालेली पट्टी गोंदाची बाजू वर करून प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवली तर परत चिकटते. बारीक प्लसचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. टोक बोथट असेल तर स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग सगळंच अडतं. वरचं कवच झटक्याने ओढू नका. बाजूच्या बटणांची चपटी रिबन वायर बहुधा वरच्या आणि खालच्या भागाला जोडलेली असते, ती तुटली तर गाठ मारता येत नाही. प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा.

सर्किट बाहेर आलं की डाव्या बटणाखाली लहान चौकोनी डबी दिसेल. तिच्या डोक्यावर पांढरी, लाल किंवा काळी कळ असते. इथून दोन वाटा आहेत.

पहिली, बिनसोल्डरची. डबीच्या दोन्ही बाजूंना बारीक खाचा असतात. तिथे पातळ पातं घालून जरा उचकटलं की झाकण निघतं, आणि त्याच क्षणी ती कळ टपकन पडते. ती तांदळाच्या कणीएवढी असते. गालिच्यावर पडली तर विषय संपला, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरून बसा. गुजरीत किंवा घड्याळवाल्याकडे मिळतं तसं डोळ्याला लावायचं भिंग असेल तर पट्टीच्या टोकाचा ठिपका स्पष्ट दिसतो. चकचकीत हवा तिथे करडा, काळपट डाग असतो, कधी मधोमध खड्डाही. जाडसर, धागे न सुटणाऱ्या कागदाची बारीक पट्टी कापा, आयपीएत भिजवा, दोन ठिपक्यांमध्ये घालून स्विचची धातूची पट्टी हलकी दाबून धरा आणि कागद ओढून काढा. कागदावर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबेपर्यंत करा. पॉलिश पेपर मुळीच वापरू नका, ठिपक्यावरचा चांगला मुलामा त्याने निघून जातो. पट्टीची जीभ सुईने किंचित वाकवून ताण वाढवायची युक्ती इंटरनेटवर खूप दिसते. ती चालते, पण थकलेला धातू पुन्हा थकतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाडी मूळ पदावर. परीक्षेच्या आदल्या दिवशी निभावून न्यायचं असेल तर ही वाट ठीक आहे. माझा सल्ला दुसऱ्या वाटेचा.

स्विच बदलणं

स्विचचे तीन पाय असतात. तिन्ही सोल्डर केलेले. २५ वॉटची साधी सोल्डरिंग आयर्न, ६०-४० सोल्डर, थोडं फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) आणि सोल्डर शोषून घ्यायचा पंप किंवा तांब्याची वेणी, एवढ्यावर काम होतं. जुन्या सोल्डरवर आधी नवं सोल्डर घाला. हे ऐकायला उलटं वाटतं, पण जुनं सोल्डर लवकर वितळत नाही आणि ताजं सोल्डर त्याला बरोबर घेऊन वितळतं. मग पाय एकेक करून मोकळे करा. मोकळा झालेला पाय हाताने जरासा हलतो. हलत नसेल तर ओढू नका, परत तापवा. जोर लावला की पायाभोवतीची तांब्याची चकती सर्किटवरून उखडते, आणि दहा मिनिटांचं काम अख्ख्या संध्याकाळचं होतं. आयर्न एका जागी तीन-चार सेकंदांहून जास्त टेकवू नका. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकाजवळून जाऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. सोल्डरमध्ये शिसं असतं.

नवा बसवताना दिशा चुकू नये. डबीवरची कळ मधोमध नसते, एका टोकाकडे असते. उजव्या स्विचची कळ ज्या टोकाला आहे ते बघून तसंच बसवा. डबी सर्किटला पूर्ण टेकलीय ना, हेही पाहा. तिरकी बसली तर क्लिक कडक होतो किंवा दाबूनही लागत नाही.

कोणता घ्यायचा? ओम्रॉनचा डी२एफसी-एफ-७एन हा सगळ्यात जास्त माउसमध्ये दिसणारा. त्याच मापात डी२एफ-०१एफ मिळतो, तो कमी करंटसाठीच बनवलेला आहे आणि त्याचे ठिपके सोन्याच्या मिश्रधातूचे आहेत. सोनं काळवंडत नाही. दमट गावासाठी मी हाच सुचवतो, थोडा महाग असला तरी. काइल्ह, हुआनो, टीटीसी यांचेही याच मापाचे येतात, दाबायला काही कडक, काही मऊ. बनावट माल भरपूर असल्यामुळे फारच स्वस्त दिसला तर घेऊ नका. दुसरी सोय म्हणजे घरात पडलेला जुना माउस. त्याच्या डाव्या बटणाचा नाही, उजव्याचा स्विच काढा. तो निम्माही वापरलेला नसतो. भंगारात माउस देण्याआधी त्यातले उजवे स्विच काढून डबीत ठेवायची सवय लावून घ्या.

बसवल्यावर क्लिक लागतच नसेल, तर पायाची चकती उखडली आहे का ते भिंगातून बघा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड अखंड आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर, लावून पाय आणि त्याची पुढची रेघ तपासा. तुटली असेल तर जुन्या वायरमधली एक बारीक तार रेघेवर सोल्डर करून पूल बांधता येतो. डबल क्लिक तसाच राहिला असेल, तर नवा स्विच सदोष निघाला किंवा जुनाच खराब स्विच परत बसला, असं धरून दुसरा लावा. गेमिंगच्या काही माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सचा वेळ, म्हणजे चिप डोळे मिटून घेते ती मुदत, वाढवता येते. ती मलमपट्टी आहे, पण सुटा भाग येईपर्यंत उपयोगी.

स्क्रोलचं चाक उलटं उडत असेल तर

पान खाली नेताना मध्येच वर उडी मारतं, हा याच कुळातला बिघाड. चाकाच्या बाजूला एन्कोडर नावाची डबी असते. काही माउसमध्ये ती प्रकाशावर चालते. तिथे केस आणि धूळ अडकते, ब्रशने काढली की झालं. मेकॅनिकल एन्कोडरमध्ये मात्र आतलं ग्रीस सुकतं आणि धातूच्या संपर्कांखाली मळ साचतो. चाक काढून, षटकोनी भोकातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, चाकाचा दांडा घालून भरपूर फिरवा, वाळू द्या. तरीही महिन्याभरात परत आलं, तर डबीच धरून ठेवणाऱ्या धातूच्या कानपट्ट्या सैल झालेल्या असतात. पकडीने त्या हलक्या आवळा. नवा एन्कोडर घ्यायचा झाला तर उंची मोजून घ्या. ७ पासून १३ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या उंचीचे येतात, आणि चुकीच्या उंचीचा बसवला की चाक कवचाला घासतं.

माउसचा रबरी थर बोटांना चिकटत असेल, तर तो मळ नाही, थरच विरघळतोय. ओलाव्याने हे होतंच. आयपीएत भिजवलेल्या फडक्याने रेटून सगळा थर काढून टाका, खाली साधं गुळगुळीत प्लॅस्टिक निघतं आणि माउस अजून वर्षानुवर्षं चालतो. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लॅस्टिकच विरघळेल.

कीबोर्ड

एकच कळ मेली असेल तर खाली चहा, उसाचा रस, भडंगाचे दाणे असं काहीतरी आहे. कॅप वर उचलून काढा, रबरी घुमटी आणि आजूबाजू आयपीएने पुसा. पण इकडची एक, तिकडची दोन अशा विखुरलेल्या कळा एकदम गेल्या असतील, तर त्या सगळ्या आतल्या एकाच रेघेवर आहेत असं समजा. साध्या कीबोर्डात प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर रेघा छापलेल्या असतात, मधला त्यांना वेगळं ठेवतो. या रेघा सर्किटला सोल्डर केलेल्या नसतात. स्क्रूने आवळलेल्या पट्टीखाली नुसत्या दाबून धरलेल्या असतात. तो दाब कमी झाला की अख्खी रेघ जाते. कीबोर्ड उघडा, सर्किटच्या बाजूचे संपर्क खोडरबराने हलके घासा, पापुद्र्याची टोकं कोरड्या फडक्याने पुसा आणि स्क्रू नीट आवळा. पापुद्र्यावर अल्कोहोल चोळू नका, छापलेली शाईच निघून येते. रेघ सांडलेल्या पाण्याने खाल्ली गेली असेल, तर सिल्व्हर कंडक्टिव्ह पेनने ती जोडता येते. शाई पूर्ण वाळू द्या, मगच बंद करा.

मराठी टायपिंग करणाऱ्यांची आणखी एक तक्रार असते, अक्षरं पुसली जाण्याची. इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेवर काम करणाऱ्यांच्या डी आणि ई या कळा आधी गुळगुळीत होतात, कारण पाय मोडायची खूण डीवर आणि काना ईवर. अख्खा कीबोर्ड बदलायची गरज नाही, देवनागरीचे स्टिकर मिळतात. लावण्याआधी कळा आयपीएने पुसून तेलकटपणा घालवा, नाहीतर आठवड्यात कोपरे उठतात.

वायर आणि हेडफोन

वायर हलवली की माउस जातो-येतो, म्हणजे आतली तार तुटली आहे, आणि ती बहुधा माउसच्या तोंडाशी किंवा यूएसबीच्या प्लगपाशी तुटते. माउसच्या तोंडाशी असेल तर दोन-तीन इंच कापून टाका आणि वायर आत परत जोडा. यूएसबी २.० मध्ये चार तारा असतात: लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी आणि पांढरी डेटाच्या. स्वस्त मालात रंग वेगळे असू शकतात, म्हणून कापण्याआधी कोणती तार कुठे लागलीय त्याचा फोटो घ्याच. जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवा. चिकटपट्टी उन्हाळ्यात ओघळते.

हेडफोनच्या तारा रंगीत आणि केसासारख्या बारीक असतात. त्यांच्यावर लाखेचा थर असतो, तो गेल्याशिवाय सोल्डर धरत नाही. आयर्नवर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तारेचं टोक बुडवून ठेवा, थर जळून जातो. माइक असलेल्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर टोक डाव्या कानाचं, त्यामागचं कडं उजव्याचं, पुढचं ग्राउंड आणि शेवटचं माइकचं, हा क्रम आता बहुतेक ठिकाणी असतो. कानाच्या गाद्यांचं काळं कातडं सोलून कपड्यांवर पडत असेल, तर तेही ओलाव्याने फुटलेलं कृत्रिम लेदर आहे. स्पंज चांगला असेल तर गाडीच्या सीटा शिवणाऱ्याकडून सुती कापडाच्या खोळी शिवून घ्या. घामातही त्या बऱ्या पडतात.

पुराचं पाणी गेलेलं असेल तर

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर चिखलात भिजलेले कीबोर्ड आणि माउस गल्लोगल्ली पडले होते, आणि त्यातले बरेच वाचण्यासारखे होते. चालू करून बघायची घाई केली की मात्र वाचत नाहीत. वायरचा माउस किंवा कीबोर्ड असेल तर न लावता उघडा, स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग आयपीएने. पापुद्र्याच्या कीबोर्डला शेवटचं आयपीए नको. पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या, उन्हात ठेवू नका, प्लॅस्टिक वाकतं. वायरलेसमधला सेल फुटून पांढरी बुरशी आली असेल तर आधी सेलवरचं नाव बघा. अल्कलाइन असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडने ती बुरशी निघते, वर आयपीएचा हात फिरवा. आत चार्जिंगची लिथियम बॅटरी असेल आणि ती भिजली किंवा फुगली असेल, तर ती सुकवून वापरायचा विचारही करू नका. चार्जरला लावू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. उरलेला माउस मात्र ठेवा. त्यातले स्विच अजून चांगले असतील.